रोज तीच जागा, तोच डोस : रेडिओथेरपीची पदवी शिकणाऱ्यांसाठी

रेडिओथेरपीच्या, म्हणजे कर्करोगावरच्या किरणोपचाराच्या, पदवीला प्रवेश घेतल्यावर पहिल्या सत्रात विषयांची यादी हातात पडते आणि विद्यार्थी बावचळतो. एकीकडे अणू, समस्थानिकं, एक्स-किरण. दुसरीकडे शरीररचना, पेशी, गाठींचे प्रकार. शिवाय रुग्णाची शुश्रूषा आणि किरणसुरक्षा. प्रत्येकाची वेगळी वही, वेगळा पेपर. पुढे विभागात उभं राहायची वेळ येते तेव्हा कळतं की या सगळ्या वह्यांचं काम एकच होतं: ठरलेला डोस, ठरलेल्या जागी, रोज, पाच-सात आठवडे न चुकता पोचवणं. म्हणून सुरुवातीपासूनच प्रत्येक धडा वाचताना स्वतःला विचारत जा, हे उपचाराच्या टेबलावर नेमकं कुठे लागतं?

आधी कामाची वाटणी सांगतो, कारण त्यात घोटाळा फार होतो. कुठल्या भागाला किती डोस द्यायचा हे किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. तो डोस शरीरात कसा पसरेल याचं गणित आणि मशीनची मोजमापं वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ सांभाळतात. रुग्णाला झोपवणं, सीटी काढणं, रोजचा उपचार देणं हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. पदवीचा अभ्यासक्रम प्रामुख्याने या तिसऱ्या माणसासाठी असतो. पण पहिल्या दोघांची भाषा कळली नाही तर तो माणूस नुसती बटणं दाबणारा उरतो.

आता भौतिकशास्त्र. लिनॅकमध्ये, म्हणजे किरणोपचाराच्या मुख्य मशीनमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरींच्या जोरावर वेगाने पळवले जातात आणि टंगस्टनच्या टार्गेटवर आदळवले जातात, त्यातून एक्स-किरण निघतात. हे पाठ करायला सोपं आहे. समजून घ्यायचं ते पुढचं. ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं माप) किरणांचा सर्वाधिक डोस त्वचेवर पडत नाही, साधारण १.५ सेंटिमीटर खोलीवर पडतो. १० सेंटिमीटर खोलीवर, १० बाय १० सेंटिमीटरच्या फिल्डमध्ये (किरणांच्या चौकटीत), त्यातला दोन तृतीयांश उरतो. त्वचा वाचते ती या कारणाने. पण शस्त्रक्रियेच्या व्रणावर किंवा त्वचेपर्यंत आलेल्या गाठीवर डोस हवा असेल तर हाच गुण आड येतो. मग वर ५ मिलिमीटर किंवा १ सेंटिमीटर जाडीचा बोलस, म्हणजे शरीराच्या ऊतीसारख्या पदार्थाचा मऊ थर, ठेवतात. तो त्वचेला चिकटून बसला पाहिजे. खाली हवेची पोकळी राहिली तर त्वचेवरचा डोस पुन्हा घसरतो, आणि कागदावर मात्र सगळं बरोबर दिसत राहतं.

अंतराचा वर्गनियमही असाच. त्वचेपर्यंतचं अंतर १०० सेंटिमीटर धरून आखणी केली आणि प्रत्यक्षात ९७ वर उपचार दिला, तर १०० भागिले ९७ याचा वर्ग करा: १.०६. म्हणजे ६ टक्के जास्त डोस. तीन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून हा आकडा स्वतःच्या हाताने एकदा काढून बघाच.

किरणोत्सर्गी स्रोत वापरून उपचार करायचा असेल तर अर्धायुष्य, म्हणजे स्रोताची ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, नुसतं पाठ असून भागत नाही. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे त्याची ताकद दर महिन्याला साधारण १ टक्का उतरते. ब्रेकीथेरपीतल्या (स्रोत गाठीत किंवा तिच्याजवळ ठेवून करायच्या उपचारातल्या) इरिडिअम-१९२ चं सुमारे ७४ दिवस, म्हणजे ताकद दररोजच जवळजवळ १ टक्का उतरते. उपचाराचा वेळ त्या प्रमाणात वाढवावा लागतो. संगणक हे आपोआप करतो, पण त्याच्यातली तारीख चुकीची असेल तर तो चूकही तितक्याच आपोआप करतो.

जीवशास्त्राकडे मुलं थोडं दुर्लक्ष करतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण रोज थोडा थोडा डोस का द्यायचा याचं उत्तर तिथेच आहे. निरोगी पेशी दोन उपचारांमधल्या वेळात दुरुस्त होतात, गाठीतल्या ऑक्सिजन न मिळणाऱ्या पेशींना पुन्हा ऑक्सिजन मिळतो. उलट उपचार लांबला तर गाठीच्या पेशी वाढीला लागतात. हिशोबासाठी एक सूत्र शिकवतात, जैविक परिणामकारक डोसचं: एकूण डोस गुणिले (एक अधिक, रोजचा डोस भागिले अल्फा-बीटा). अल्फा-बीटा म्हणजे रोजच्या डोसच्या आकाराने ऊतीला किती फरक पडतो ते सांगणारा आकडा; तो जितका लहान तितका फरक जास्त. बहुतेक गाठींसाठी हे अल्फा-बीटा १० धरतात, उशिरा दुखापत दाखवणाऱ्या ऊतींसाठी ३.

समजा, डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी उपचाराच्या ३५ दिवसांत ७० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) द्यायचे आहेत, रोज २ ग्रे. एक दिवस सुट्टीत गेला, तारीख पुढे ढकलायची नाही, म्हणून शेवटचे पाच दिवस चारमध्ये बसवायचे ठरवले. रोज २.५ ग्रे, बेरीज तीच १० ग्रे. सगळं सारखंच आहे असं वाटतं. आता सूत्रात घाला. गाठीसाठी पाच दिवसांचे १२ यायचे, चार दिवसांचे १२.५ आले. उशिराच्या दुखापतीसाठी आधी १६.७ होते, आता १८.३. म्हणजे गाठीवरच्या परिणामात अर्ध्या ग्रेची वाढ आणि निरोगी ऊतीच्या दुखापतीत दीड ग्रेपेक्षा जास्त. म्हणून चुकलेला दिवस भरून काढताना शक्य असेल तर शनिवारी उपचार देतात, किंवा एकाच दिवशी दोनदा देतात, पण मध्ये किमान ६ तासांचं अंतर ठेवून. चुकलेला दिवस शेवटी जोडून उपचार लांबवायचा तर तेही फुकट नाही: डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण टक्क्याभराने कमी होते, असं धरलं जातं. म्हणून रुग्ण न आल्याचा फोन ही कारकुनी बाब समजू नका.

आता हाताचं काम, जे पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. डोक्या-मानेच्या रुग्णासाठी थर्मोप्लास्टिकचा मास्क करतात. पत्रा ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं ठेवला की मऊ पडतो. पांढऱ्या रंगाचा असेल तर पारदर्शक होतो. त्याआधीची तयारी महत्त्वाची: दाढी केलेली हवी, कवळी काढायची की ठेवायची हे ठरलेलं हवं, अंबाडा सोडलेला हवा, कारण अंबाड्यामुळे डोकं रोज वेगळ्या उंचीवर येतं. हेडरेस्ट कुठला, त्याचा क्रमांक लिहून ठेवायचा. डोळे मिटायला सांगायचं आणि हे गरम-ओलसर लागेल हे आधीच बजावायचं. पाणी निथळवून, गरमपणा आपल्या हाताला लावून बघून, दोघांनी दोन्ही बाजूंनी सारखा ताण देत पत्रा खाली आणायचा आणि बेसप्लेटला अडकवायचा. मग नाकाचा दांडा, कपाळ आणि हनुवटी इथे बोटांनी दाबून घ्यायचं. गडबड होते ती इथे. मास्क हाताला कडक लागला की विद्यार्थी तो काढतो. पण थंड होताना तो थोडा आकसतो, म्हणून पुरेशी मिनिटं, बहुतेक ठिकाणी दहाच्या आसपास किंवा जास्त, तो रुग्णावरच राहू द्यायचा आणि सीटी त्यानंतर काढायचा. घाईत काढलेला मास्क दुसऱ्या दिवशी हनुवटीवर घट्ट आणि कपाळावर सैल बसतो. उलट चौथ्या आठवड्यात रुग्णाचं वजन उतरलेलं असतं, कारण तोंडाच्या आतल्या त्वचेला छाले येतात आणि गिळता येत नाही. त्याच मास्कमध्ये चेहरा आता हलतो. दर आठवड्याला वजन घेणं आणि मास्कखाली बोट किती शिरतं ते बघणं, या दोन साध्या गोष्टी नवी सीटी आणि नवी आखणी वेळेवर मागवून देतात. इथे शरीररचनेचीही गरज लागते, कारण मेरुरज्जूला रोज २ ग्रेच्या हिशोबाने ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं, आणि चेहरा बारीक झाला की आखणीतल्या गाठीच्या कडेचं त्याच्यापासूनचं अंतरही बदलतं.

ओटीपोटाच्या उपचारात गोष्ट वेगळी, पण प्रश्न तोच. मूत्राशय रोज सारखा भरलेला हवा आणि गुदाशय रिकामा हवा. म्हणून लघवी करून मग ठरावीक पाणी, समजा अर्धा लिटर, ठरावीक वेळ आधी प्यायला सांगतात. रुग्णाला ही सूचना का आहे हे सांगितलं नाही तर तो ती पाळत नाही. त्याला कळायला हवं की गुदाशयातल्या वायूने प्रोस्टेट पुढे ढकललं जातं आणि आखलेल्या जागेतून सरकतं, हाडांवरून बघून ते दिसतच नाही. म्हणून कोन-बीम सीटी (उपचाराच्या टेबलावरच काढलेला सीटी) घेतल्यावर नुसती हाडं जुळवून थांबू नये, मऊ भागही बघावा.

केमोथेरपी या अभ्यासक्रमात नावापुरतीच येते. तरी एक गोष्ट लक्षात घ्या: गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचारासोबत आठवड्यातून एकदा, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम या मापाने, सिस्प्लॅटिन दिलं जातं. ते किरणांचा परिणाम वाढवतं आणि मूत्रपिंडावरही ताण आणतं. त्या दिवशी शिरेतून द्रव दिला जातो, रुग्णाला मळमळ असते, तो उशिरा पोचतो. त्याची वेळ आधीच राखून ठेवली नाही, तर आखलेलं वेळापत्रक तिथेच मोडतं.

सकाळची मशीनची तपासणी ही औपचारिकता नाही. रोजचा डोस-आउटपुट ३ टक्क्यांच्या आत हवा, लेझर २ मिलिमीटरच्या आत हवेत, दार उघडलं की किरण थांबायला हवेत. आयनीभवन कक्षाने (डोस मोजायच्या, हवा भरलेल्या उपकरणाने) मोजताना हवेचं तापमान आणि दाब यांची दुरुस्ती लावतात. खोलीचं तापमान ३ अंशांनी चुकीचं नोंदवलं तर सुमारे १ टक्क्याची चूक होते, म्हणजे ३ टक्क्यांच्या मर्यादेतला एक तृतीयांश भाग नुसत्या तापमापकात गेला.

सुरक्षेच्या तासाला थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या मशीनची घटना शिकवतात. ती तारखेपुरती वाचू नका. १९८५ ते १९८७ दरम्यान या मशीनवर सहा रुग्णांना प्रचंड जास्त डोस गेला. आधीच्या मॉडेलमध्ये असलेले यांत्रिक अडथळे काढून टाकून सुरक्षेची भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती आणि त्यात दोष होता. दुसरा भाग आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा: मशीन वारंवार बिघाडाचे संदेश दाखवत होतं, त्यामुळे संदेश आला की पुढे जाण्याचं बटण दाबायची चालकांना सवय लागली होती. आजच्या मशीनवर टेबलाचे आकडे मर्यादेबाहेर गेल्याचा संदेश आला की ओलांडून जाण्याची सोय असते. ती मुभा रोज वापरली की संदेशाला अर्थ राहत नाही.

शेवटी क्लिनिकल नोंदवहीबद्दल. अमुक इतके रुग्ण बघितले एवढंच लिहू नका. प्रत्येक रुग्णाला रोज किती आणि कुठल्या दिशेने सरकवावं लागलं ते लिहा. त्यातून दोन प्रकारच्या चुका वेगळ्या दिसतात. आज उजवीकडे २, उद्या डावीकडे १ मिलिमीटर, ही फुटकळ चूक. ती बऱ्याच दिवसांत विरून जाते. पण सलग तीन-चार दिवस त्याच दिशेला ३ मिलिमीटर निघत असतील तर ती कायमची चूक आहे, सीटीच्या दिवसापासून चालत आलेली. सुरक्षा-सीमा, म्हणजे गाठीभोवती सोडायची जादा जागा, काढण्याच्या एका रूढ सूत्रात या कायमच्या चुकीला २.५ ने गुणतात आणि फुटकळीला फक्त ०.७ ने. कायमची चूक दर दिवशी गाठीची तीच कड डोसाबाहेर ठेवते, म्हणून तिला जास्त वजन. अशी नोंद दिसली की चौथ्या दिवशी पुन्हा तीनच मिलिमीटर सरकवून काम चालवू नका; सीटीच्या दिवसाचा कागद काढा, हेडरेस्टचा क्रमांक, पायाखालची उशी आणि लेझर तपासा, आणि भौतिकशास्त्रज्ञांना बोलवा.