कार्ड चाललं नाही म्हणजे पास नव्हे

नमस्कार मंडळी. पाऊस जरा उघडलाय तोवर बोलून घेऊया. आज विषय आहे नर्सिंगच्या निकालाचा. आपल्याकडच्या कितीतरी पोरी जीएनएम, बीएस्सी करून वॉर्डात लागल्यात आणि आता अमेरिकेच्या लायसनसाठी एनक्लेक्स देतायत, घरच्यांना त्यातलं काही कळत नाही, "पास झाली का?" एवढंच काय ते विचारता येतं. मी स्वतः वॉर्डात 30 वर्षं काढली, म्हणून माझी कुडाळची भाची परीक्षा झाल्यावर माझ्याकडेच येऊन राहिली होती.

रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-खारी खाऊन सेंटरवर गेली. आता इथे मी बोलणारच, उकड्या तांदळाची पेज, वर लोणच्याची फोड, याच्यासारखं पोटाला धरणारं दुसरं काही नाही, आणि हल्लीच्या पोरींना पेज म्हटलं की आजारी माणसाचं खाणं वाटतं, मला याचं फार वाईट वाटतं. असो.

परीक्षा कॉम्प्युटरवर असते. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ 5 तास. बरोबर आलं की पुढचा कठीण, चुकलं की जरा सोपा, त्यामुळे हुशार पोरीचेसुद्धा बरेच प्रश्न चुकतात. पोरगी पासाच्या रेषेच्या वर की खाली याची मशीनला 95 टक्के खात्री झाली की ती थांबते. म्हणून 85ला थांबली म्हणजे पास असं नाही, आणि 150पर्यंत गेली म्हणजे नापास असंही नाही. परत सांगते, मशीन कुठे थांबली त्यावरून काहीच ठरवू नका.

भाचीची मैत्रीण 85ला बाहेर आली, हिचं 150पर्यंत चाललं, म्हणून ही रडतच घरी आली. मग मैत्रिणीने फोनवर सांगितलं, अगं त्याच परीक्षेचं परत रजिस्ट्रेशन करून बघ, पास झालेलीचे पैसे परत घेत नाहीत म्हणे, पैसे कापले गेले नाहीत तर समज तू पास. रात्री 11 वाजता आमच्या पडवीच्या कठड्यावर बसून, कारण रेंज तिथेच येते, हिने आपलं पगाराचं कार्ड टाकलं. ते चक्र फिरतंय फिरतंय, मी बाजूला टॉर्च धरून उभी, आणि आलं काय तर पेमेंट फेल! ही किंचाळलीच, "मावशी, पास!" त्याच रात्री कुडाळला फोन गेला. सकाळी ताईने रवळनाथाला नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, अख्ख्या वाडीने व्हय म्हाराजा म्हटलं, घरोघरी शिरा गेला.

काही दिवसांनी अमेरिकेच्या नर्सिंग बोर्डाचा खरा निकाल आला. नापास.

मग भाच्याने कार्ड बघितलं तर त्यावर परदेशातले व्यवहार सुरूच केलेले नव्हते, 2020पासून नवीन कार्डावर ते आपण सांगितल्याशिवाय चालू होत नाहीत, आणि पहिली फी मामाच्या कार्डावरून भरलेली. बँकेने नाही म्हटलं आणि आम्ही शिरा वाटला. पोर दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिला परीक्षेपेक्षा त्या शिऱ्याची लाज वाटत होती. ताई आली, उशाशी बसली आणि म्हणाली, "वाटलेलो शिरो काय परत मागूचो आसा? परत करतलंव." तेव्हा कुठे पोरगी उठून जेवली.

म्हणून सांगते, निकाल बोर्डाकडून येतो तोच खरा, बाकी युक्त्या करू नका. नापास झालात तर एक कागद मिळतो, त्यात प्रत्येक भागात तुम्ही रेषेच्या वर, जवळपास की खाली ते लिहिलेलं असतं. तो फाडू नका, तो नीट वाचा. हिचं औषधांचं वर होतं. खाली होतं ते मॅनेजमेंट ऑफ केअर, म्हणजे कुठलं काम कुणावर सोपवायचं ते. कसं जमणार हो, आपल्या वॉर्डात एकटी सिस्टर 40 पेशंटचं सलाईन, इंजेक्शन, रजिस्टर सगळं स्वतः करते! तिथे विचारतात, आत्ताच ऑपरेशन होऊन आलेला पेशंट मदतनीसाकडे द्यायचा का, तर नाही, त्याला आधी नर्सनेच तपासायचं, मदतनीसाने स्थिर पेशंटला आंघोळ घालायची. हे नुसती गाईडं पाठ करून येत नाही, रोज थोडे थोडे प्रश्न सोडवूनच येतं.

परत बसायला कमीत कमी 45 दिवस थांबावं लागतं, आणि फी परत 200 डॉलर, शिवाय परदेशातल्या सेंटरचे 150. आणि घरच्यांनो, तिचं इथलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन याने कुठे जात नाही, ती आजही सिस्टरच आहे, दर जेवणाला निकाल विचारू नका. झोप उडाली, जेवण जाईना, तर 14416 लावा, टेली मानस, फुकट आहे, रात्रीसुद्धा उचलतात.

भाची पुढच्या गुरुवारी परत परीक्षेला बसतेय. पावसात गाड्या हळू चालतात म्हणून दोन दिवस आधीच निघतेय, पेजेचा थर्मास मी भरून देणार. ताईने रवा आणून ठेवलाय, पण डबा बोर्डाचं पत्र आल्यावरच उघडायचा असं ठरलंय.