किडनीचा दाह आणि वाळवणाचा डबा

नमस्कार मंडळी! आधी सूज आणि दाह यांतला गोंधळ निस्तरू. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो, ती सूज पाण्याची. आज बोलायचंय ते आतल्या दाहाबद्दल. तो दिसत नाही, सीआरपीच्या (दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन) रक्ततपासणीत त्याचा माग लागतो. किडनी अधू झाली की नको ती द्रव्यं रक्तात साठतात, दाह धुमसत राहतो आणि हृदयालाही झळ बसते.

"मग हळदीचा काढा सुरू करू?" हा प्रश्न ठरलेलाच! भाजीत पडते तेवढी हळद पुरे. कॅप्सूल तर नकोच, हळदीतल्या ऑक्झलेटने किडनी बिघडल्याची उदाहरणं आहेत.

खरी गोम वाळवणाच्या डब्यात आहे. दिवसभराचं मीठ सगळं धरून 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, म्हणजे पुन्हा सोडियम. "मी वरून मीठ घेतच नाही" असं काका मला सांगतात, ते पापडाचा तुकडा मोडत मोडत! मिसळीवरचं फरसाणही त्याच हिशेबात. सैंधव? तेही मीठच. लो सोडियम मीठ तर याहून वाईट. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं, आणि ते अधू किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

आता आपली नाशिकची द्राक्षं. 100 ग्रॅममध्ये पोटॅशियम साधारण 190 मिलिग्रॅम. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ठीक असेल तर मूठभर खा. पण तीच वाळून मनुका झाली की तेवढ्याच वजनात आकडा 750च्या आसपास जातो. मनुका भिजवून रोज खाणाऱ्यांनो, ऐकताय ना?

दुधी, दोडका, कोबी यांतला चोथा आतड्यातल्या जंतूंना खाद्य पुरवतो. तो कमी पडला की ते प्रथिनं कुजवतात, आणि त्यातून बनणारी विषारी द्रव्यं दाह वाढवतात.

व्यायाम आठवड्याला 150 मिनिटं. गोदापार्कला चाला, सोबत्याशी गप्पा मारता येतील अशा बेताने. पांडवलेणीच्या पायऱ्या पहिल्याच दिवशी नकोत. आधी दहा मिनिटं चाला, मग वाढवा. डायलिसिस चालू असेल तर किती वेळ आणि किती जोरात ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि हो, चालून गुडघा ठणकला म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणू नका. दुखणं थांबेल, पण किडनीचा रक्तपुरवठा कमी होईल. आधी शेक घ्या, नाहीच भागलं तर डॉक्टरांना फोन करा.