घाट उतरताना मागची गाडी कोण थांबवतं?

(मालवणात निवास-न्याहारी आणि पर्यटनाचे व्यवसाय करणाऱ्यांच्या एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मंडळी, नमस्कार. कुडाळजवळ हायवेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज होतं. आता मुलगा बघतो. हेडलाइट, सेल्फ, डायनॅमो ही रोजची कामं. पण २०२१ साली राज्याने कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यानंतर अधूनमधून एक नवा प्रश्न यायला लागला. "काका, मागे जोडून ओढायची कॅराव्हॅन घेतोय. तिला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. तर गाडीत कंट्रोलर कुठला बसवू?"

कंट्रोलर म्हणजे मागच्या ब्रेकना किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा. मी आधी उलट विचारतो, "घाट कुठला उतरणार?"

समोरच्याला वाटतं, विषय बदलला. पण आपल्याकडे हाच विषय आहे. देशावरून येणारा माणूस आंबोलीने येवो, फोंड्याने येवो नाहीतर करूळने, समुद्र बघायचा तर त्याला उतरावंच लागतं. सपाट देशातल्या माणसाने लिहिलेली माहिती वाचून कंट्रोलर घेतला, तर तो गोव्याच्या हायवेवर छान चालेल आणि घाटात तोंडघशी पाडेल.

थोडा हिशोब करू. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. तिथून सावंतवाडीकडे येताना ६०० मीटर तरी खाली उतरतो असं धरा. कॅराव्हॅन भरून १५०० किलो. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने बंबातलं ३० लिटर पाणी उकळेल. किंवा असं बघा, तीच कॅराव्हॅन ताशी ६० च्या वेगावरून सपाटीवर ४२ वेळा थांबवायची. काही भाग वारा खातो, काही टायर खातात, बराच भाग इंजिनाने खायला हवा, म्हणजे खालचा गिअर. उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. आमच्याकडचे जुने ट्रक ड्रायव्हर नव्या पोराला सांगायचे, "ज्या गेरात चढलस, त्याच गेरात उतर." कंट्रोलर कितीही महाग घ्या, हे वाक्य रद्द होत नाही.

आता या ब्रेकच्या पोटात काय असतं ते सांगतो, कारण ते कळलं की निवड निम्मी सोपी होते. कॅराव्हॅनच्या चाकात साधा ड्रम असतो, आत शूज असतात, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे, त्यांच्यावर घासणारं लायनर. फरक एवढाच की शूज पसरवायला तेलाचा दाब नसतो. एका दांडीच्या टोकाला विजेचं लोहचुंबक असतं. त्यात करंट सोडला की ते ड्रमच्या आतल्या फिरत्या पृष्ठभागाला चिकटू बघतं, ड्रमबरोबर थोडं ओढलं जातं, दांडी फिरते आणि शूज दाबले जातात. करंट जास्त तर पकड जास्त. पूर्ण दाबाला एक चुंबक साधारण ३ अँपिअर घेतं. एका ॲक्सलला दोन चाकं, म्हणजे ६. दोन ॲक्सल असतील तर १२. तुमच्या पायाखालच्या ब्रेकचा आणि या चुंबकांचा एकमेकांशी थेट काही संबंध नाही. पायाने काय केलं ते समजून घेऊन मागे किती करंट सोडायचा, हे मध्ये बसून ठरवतो तो कंट्रोलर.

तो कसा समजून घेतो, यावर त्याच्या जाती पडतात.

पहिली जात वेळ मोजून चालणारी. तुम्ही पेडलला पाय लावला, ब्रेकलाइट लागला, की हा मोजायला सुरुवात करतो आणि ठरलेल्या वेळात करंट शून्यापासून तुम्ही लावून ठेवलेल्या मर्यादेपर्यंत चढवतो. पाय हलका आहे की तुम्ही जिवाच्या आकांताने पेडल दाबलंय, ते त्याला कळत नाही. स्वस्त असतो, कुठेही कसाही स्क्रूने बसवता येतो.

याचं घाटात काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या भाच्याने जुनी कॅराव्हॅन घेतली, तिच्याबरोबर असला कंट्रोलर बसवलेलाच आला. आम्ही दाजीपूरहून फोंडा घाट उतरत होतो. पोरगा सांभाळून चालवणारा, पाय हलकाच ठेवलेला, पण वळणामागून वळण, त्यामुळे पाय पेडलवरून निघतच नव्हता. निम्म्या घाटात म्हणाला, "मामा, वास कसला येतोय?" मी म्हटलं, "लायनर जळतायत. जागा मिळेल तिथे बाजूला घे." उतरून बघितलं तर गाडीची चारही चाकं हात लावण्याजोगी आणि कॅराव्हॅनच्या दोन्ही ड्रममधून धूर. पाय हलका असला तरी कंट्रोलर दरवेळी पूर्ण मर्यादेला जाऊन बसत होता. दोन गाड्यांचं ओझं मागची दोन चाकं एकटी थोपवत होती. एक भला माणूस थांबला आणि बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतायला निघाला. मी त्याचा हात धरला. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तडा जातो. तासभर आम्ही तिथेच बसलो. ड्रम तापला की फुगतो, शूजपासून लांब जातो, लायनरची पकडही जाते. आणखी दोन वळणं गेलो असतो तर मागे ब्रेक उरलाच नसता.

आणि उलट प्रसंग घ्या. हायवेला ६० च्या वेगात असताना म्हैस आडवी आली. ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. तुम्ही पेडल जमिनीला टेकवलं तरी वेळवाला कंट्रोलर आपल्या चालीने चढणार, आणि तेवढा वेळ मागचे १५०० किलो तुमच्या पाठीत ढकलत राहणार.

दुसरी जात गाडी किती जोराने मंदावते ते ओळखून त्या प्रमाणात करंट सोडणारी. तिला प्रमाणवाली म्हणू. टेकोन्शाचा प्रॉडिजी, ऑस्ट्रेलियातल्या रेडार्कचा टो-प्रो हे या जातीतले माहितीतले. पूर्वी आत लंबक असायचा, आता बहुतेकांत इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. तत्त्व तेच. एसटीत दांडीला पिशवी अडकवून तुम्ही सगळ्यांनी प्रवास केलाय. ड्रायव्हरने ब्रेक मारला की पिशवी पुढे जाते. हलका ब्रेक, थोडी पुढे. जोराचा ब्रेक, एकदम पुढे. कंट्रोलरच्या आत ही पिशवी आहे असं समजा. ती जेवढी पुढे, तेवढा मागे करंट.

आता नीट आठवा. एसटी घाट उतरत असते, एकाच संथ वेगाने, ब्रेक न मारता. तेव्हा पिशवी कशी असते? पुढेच झुकलेली असते. बस तिरकी आहे, पिशवी सरळ खाली लोंबते, म्हणून बसच्या मानाने ती पुढे दिसते. कंट्रोलरलाही तसंच दिसतं. १५ मीटरला १ मीटर असा उतार असेल तर दर सेकंदाला ताशी सव्वादोन-अडीच किलोमीटरने वेग कमी होत असल्यासारखं त्याला वाटतं. पेडलला पाय लागेपर्यंत तो काही करत नाही, पण पाय लागला की सपाटीपेक्षा जरा जास्त करंट सोडतो. काही जण याला दोष म्हणतात. मला तो आपल्यासाठी गुण वाटतो, कारण उतारावर मागची गाडी स्वतःच्या वजनाने खरोखरच पुढे ढकलत असते. फक्त हे माहीत असावं आणि घाटाच्या माथ्यावर मर्यादा एखाद्या टप्प्याने कमी करून उतरायला लागावं. लंबकवाला जुना घेतलात तर तो पातळीत बसवणं फार महत्त्वाचं आहे. तिरका बसला तर पिशवी आधीच झुकलेली, मग सगळंच गणित चुकतं.

तिसरी जात गाडीच्या कंपनीनेच आत बसवलेली, अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपमध्ये मिळते. आपल्या गाड्यांसाठी ती विसरा. आणि कोणी सांगितलं की ब्रेकच्या तेलाच्या पाइपाला जोड मारून दाब मोजणारं यंत्र बसवतो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. स्वतःच्या गाडीच्या ब्रेकला भोक पाडायचं नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत, कोकणात प्रमाणवालाच घ्यावा. पैसे वाचवायचे असतील तर बाहेर ताणायची सावलीची कनात बारकी घ्या, आतला फ्रिज छोटा घ्या.

घेताना मात्र एक गोष्ट हाताने करून बघा. प्रत्येक चांगल्या कंट्रोलरला हाताने चालवायची पट्टी किंवा बटण असतं. त्याने फक्त मागच्या गाडीचे ब्रेक लागतात, पुढच्या गाडीचे नाहीत. समोरून लक्झरी बस सुसाट गेली, वाऱ्याचा फटका बसला आणि कॅराव्हॅन शेपूट हलवायला लागली की हेच कामाला येतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, पायाचा ब्रेक मारायचा नाही, हाताने मागचा ब्रेक हळू ओढायचा. शेपूट ताणली जाते आणि सरळ होते. पण त्या क्षणी ते बटण बघायला मान खाली घालावी लागली तर काय उपयोग? अमेरिकेतल्या फोटोंमध्ये कंट्रोलर उजव्या हाताला दिसतो, कारण त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे तो डाव्या हाताला, गिअरच्या दांडीवरून हात उचलला की बोट पडेल असा हवा. डोळे मिटून तीनदा हात लावून बघा, मगच भोकं पाडा.

आता वायर. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझ्याकडे "कंट्रोलर खराब आहे" म्हणून आलेल्या बहुतेक गाड्यांत कंट्रोलर ठणठणीत होता. गाडीच्या पुढच्या भागापासून कॅराव्हॅनच्या चाकापर्यंत आठ मीटर वायर सहज जाते, आणि परतीची तेवढीच. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर घातली आणि ६ अँपिअर वाहिले तर पाऊण व्होल्टच्या आत नुकसान. एक स्क्वेअरची घातली तर दीड व्होल्टच्या वर. दोन ॲक्सल असतील तर हेच तीन व्होल्टच्या वर जातं, म्हणजे बारातले नऊच चुंबकापर्यंत पोचतात. मग माणूस मर्यादा वाढवत बसतो आणि म्हणतो, ब्रेक लागत नाहीत.

त्यात आपली खारी हवा. तारकर्लीला चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा सात पिनांचा प्लग उघडून बघा, तांब्यावर हिरवं चढलेलं असतं. म्हणून अर्थिंगची परतीची वायर वेगळी, पुढच्या गाडीच्या बॅटरीपर्यंत. ती दोन गाड्या जोडणाऱ्या कपलिंगच्या बॉलमधून जाईल या भरवशावर राहू नका, तिथे ग्रीस असतं, गंज असतो. वायरच्या टोकाला लग, म्हणजे जोडणीचा धातूचा तुकडा, दाबल्यावर वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवा, पिनांना दर महिन्याला थोडी व्हॅसलीन लावा. परदेशी यंत्राच्या तारांच्या रंगावर विसंबू नका, मीटर लावून खात्री करा. आणि ब्रेकलाइटची वायर तोडण्याआधी तुमच्या गाडीत तिथे सरळ १२ व्होल्ट येतात का ते तपासा. काही नव्या गाड्यांत दिवा तुटक विजेवर चालवतात आणि कंट्रोलर गोंधळतो.

इथे होडीवाले बरेच बसलेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. होडीचा ट्रेलर तुम्ही जेट्टीच्या उतारावरून खाऱ्या पाण्यात घालता. त्याला हे विजेचे ड्रम ब्रेक लावू नका. चुंबक आणि दांड्या गंजून जाम होतात. तुमच्यासाठी ढकलीवर चालणारे, म्हणजे मागची गाडी पुढे रेटली की आपोआप लागणारे तेलाचे ब्रेक, नाहीतर विजेच्या पंपाने तेलाचा दाब देणारे डिस्क ब्रेक. दुसरा पर्याय घेतलात तर कंट्रोलर त्या पंपाबरोबर चालणारा आहे का हे आधी विचारा, सगळे चालत नाहीत.

आणखी एक छोटा डबा असतो, त्याला कोणी विचारत नाही. कॅराव्हॅनच्या पुढे जोडणीच्या दांड्यावर एक स्विच, त्यातून निघालेली बारीक दोरी आणि आत छोटी बॅटरी. कपलिंग सुटून गाडी वेगळी झाली की दोरी पिन ओढते आणि बॅटरी स्वतःच मागचे ब्रेक लावते. ही दोरी सुरक्षेच्या साखळीला अडकवायची नाही, गाडीच्या चॅसीला स्वतंत्र अडकवायची. ही बॅटरी वर्षानुवर्षं कोणी बघत नाही, आणि समुद्राकाठी ती मेलेली असते.

शेवटी सेटिंग. कोरडा, सपाट, रिकामा रस्ता शोधा. कॅराव्हॅन प्रवासाला भरता तशी भरलेली हवी. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर ते १०० किलो आहेत, रिकामी ठेवून केलेलं सेटिंग भरल्यावर कमी पडतं. ताशी ४० ला या, हाताची पट्टी पूर्ण दाबा. मागची चाकं घासली तर मर्यादा थोडी उतरवा, गाडी नुसतीच मंदावली तर थोडी चढवा. चाकं अडकण्याच्या किंचित अलीकडे थांबायचं. पावसाळ्यात हे पुन्हा करावं लागतं. आषाढात आंबोलीत रस्त्यावर पाणी आणि लाल मातीचा चिखल असतो, तिथे उन्हाळ्याचं सेटिंग चाकं अडकवतं आणि अडकलेली चाकं वळणावर बाहेरच्या बाजूला सरकतात. आंब्याच्या पेट्या भरून वर गेलात आणि रिकामे खाली आलात तरी पुन्हा बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

बोलणं पुष्कळ झालं. बाहेर अंगणात भाच्याची तीच कॅराव्हॅन उभी आहे, आता तिला प्रमाणवाला कंट्रोलर आहे. तिच्यावर तो दोरीवाला छोटा डबा तपासून बघू. आधी गाडीकडचा प्लग काढायचा, मग पिन ओढायची, नाहीतर बॅटरीची वीज उलटी कंट्रोलरमध्ये जाऊ शकते. पिन ओढल्यावर दोघांनी कॅराव्हॅन ढकलून बघा, हलता कामा नये. मीटर मी आणलाय. कोणाकडे टॉर्च असेल तर घ्या, प्लगच्या पिना दाखवतो.