आकडा कशाचा ते आधी ठरवा

मला सगळे एकच विचारतात, डेटाचे चार्ट-रिपोर्ट काढायला पॉवर बीआय शिकू का टॅब्लो? काहीबी शिका की. एक नीट आलं की दुसरं हाताला लागतं, आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधनं डेटा काढायची भाषा, दोन्हीकडं लागतेच. आपल्या कामात लोकं अडकतात ती टूलमध्ये नाही, आकडा नेमका कशाचा हे न ठरवताच चार्ट काढायला बसतात तिथं.

आता आपल्याकडचंच घ्या, दूध. एका संस्थेनं ९०० लिटर गाईचं घातलं, फॅट ३.५, दुसरीनं १०० लिटर म्हशीचं, फॅट ६.५. फॅटचा कॉलम ओढून कार्डवर (एकच आकडा दाखवणाऱ्या चौकोनावर) टाकला, ॲव्हरेज निवडलं की ५ येतंय. खरं किती? ९०० गुणिले ३.५, १०० गुणिले ६.५, बेरीज ३,८००, भागिले १,०००, म्हणजे ३.८. तुम्ही मिटिंगमध्ये ५ दाखवलं तर संकलनावरचा माणूस गालात हसणार, कारण टँकरला काय फॅट लागतं हे त्याला तोंडपाठ असतंय, आणि एकदा तो हसला की तुमच्या बाकीच्या बरोबर आकड्यांवर पण कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून टक्केवारीचा कॉलम कधी थेट ॲव्हरेज करायचा नाही, वरची बेरीज वेगळी, खालची वेगळी आणि मग भागाकार. साखर कारखान्याची आजअखेर रिकव्हरी (उसातनं किती टक्के साखर निघाली) पण तशीच, एकूण साखर भागिले एकूण ऊस, रोजच्या रिकव्हरीची सरासरी नव्हे. शिरोलीच्या फाउंड्रीतलं (ओतकाम कारखान्यातलं) रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला माल, घेतलं तरी हेच.

कारखान्याचा विषय निघालाच आहे तर वर्षाचं पण बघा. पॉवर बीआयमध्ये टोटल-वायटीडी (वर्षाच्या सुरुवातीपासून आजअखेरची बेरीज) लावलं आणि वर्ष कधी संपतं ते सांगितलं नाही तर ते ३१ डिसेंबर धरतंय. म्हणजे ऐन हंगामात १ जानेवारीला आजअखेर गाळप परत पहिल्यापासून सुरू! अकाउंटवाल्याला ३१ मार्च पाहिजे, शेती खात्याला ३० सप्टेंबर, कारण साखरेचं वर्ष ऑक्टोबरपासून धरतात. दोघंही बरोबर आहेत. कॅलेंडर टेबलमध्ये (प्रत्येक तारखेची एक ओळ असलेल्या टेबलात) आर्थिक वर्ष आणि हंगाम असे दोन वेगळे कॉलम ठेवा, भांडण मिटलं.

तारखांचं अजून एक लफडं. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल का ४ मार्च? सेटिंग अमेरिकेचं असलं तर १३ तारखेपासून पुढच्याला एरर येते, ते बरं, दिसतं तरी. पण १२ पर्यंतच्या तारखा गुपचूप उलट्या होतात आणि कुणाला पत्ता नसतो. पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयच्या डेटा आत घेऊन साफ करायच्या भागात) कॉलमचा टाइप बदलताना लोकेल, म्हणजे कुठल्या देशाची पद्धत ते, देऊन इंग्लिश इंडिया निवडायचं, एवढंच.

दोन टेबलं जोडली, म्हणजे जॉइन केली, की ओळी मोजा. शेतकरी मास्टरमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुख्य यादीत, एकच माणूस दोनदा असला की त्याचा ऊस डबल दिसतो, बिल निघेपर्यंत कळत नाही. ओळी कमी पण होतात बरं का. इंग्लंडमध्ये २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कोरोनाच्या जवळजवळ १६,००० केसेस मोजणीतून सुटल्या होत्या, कारण जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी बसत नाहीत. सरकारी यंत्रणेचं हे, आपण तर काय. आत किती आल्या, बाहेर किती गेल्या, दोन आकडे ताडून बघायला मिनिट लागत नाही.

रंगांबद्दल थोडंच बोलतो. लाल-पिवळं मनानं ठरवू नका, ज्याचं काम आहे त्याची रेघ विचारा. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे इथं शाळेतल्या पोराला पण माहिती आहे. प्रत्येक खात्यात अशी रेघ असतीया, फक्त कुठं लिहिलेली नसते.

आणि शेवटचं, जे कुठल्या कोर्सात सांगत नाहीत. साहेब लोक लिंक उघडत नाहीत. कुणीतरी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतंय आणि तोच फोटो चार दिवसांनी मिटिंगमध्ये निघतोय, डेटा कधीचा, फिल्टर कुठला, काय कळत नाही. त्यामुळं पानाच्या वरच शेवटचा रिफ्रेश आणि लावलेले फिल्टर मोठ्या अक्षरात टाका. त्यासाठी डॅक्समधलं (पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेतलं) नाऊ, म्हणजे आत्ताची वेळ देणारं फंक्शन, नको, ते रिफ्रेशच्या वेळेला बांधलेलं नसतं. पॉवर क्वेरीत एका ओळीचं टेबल करा, त्यात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ घ्या आणि साडेपाच तास मिळवा, नाहीतर सकाळी साडेनऊचा रिफ्रेश पहाटे चारचा दिसतोय.