डबल मेजर घ्यावं का?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "सर, डबल मेजर मिळेल का?" प्रश्न मुलाचा असतो, पण पुढचं वाक्य बहुतेक वेळा मागे उभ्या असलेल्या आईचं किंवा बाबांचं असतं, "दोन विषय होत असतील तर दोन्ही घेऊन टाक की!" या 'घेऊन टाक'विषयीच आज बोलायचं आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. दोन पदव्या वेगळ्या आणि डबल मेजर वेगळं. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली. सकाळच्या कॉलेजात बी.कॉम. आणि सोबत मुक्त विद्यापीठातून बी.ए., असं आता रीतसर करता येतं. दोन्ही ठिकाणी वर्गात बसायचं असेल, तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, एवढी अट आहे. डबल मेजरमध्ये मात्र पदवी एकच मिळते आणि तिच्यात मुख्य विषय दोन असतात.

तसं हे अगदीच नवं नाही. मुंबई विद्यापीठातून जुन्या पद्धतीनं शिकलेल्यांना आठवत असेल, टी.वाय.ला सहाच्या सहा पेपर एका विषयाचे घ्या, नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. तेव्हा दुसरा विषय घेतला की पहिल्याचे पेपर कमी व्हायचे. आता पहिला विषय जागचा हलत नाही. दुसरा त्याच्यावर चढतो. म्हणून थोडा हिशेब करू. वही शोधू नका, तोंडीच होईल.

आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आहे; क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. त्यातले किमान ६० मुख्य विषयाचे. दुसरा विषयही मेजर म्हणून हवा असेल, तर एकूण १२० च्या किमान ४० टक्के त्याचे, म्हणजे ४८. झाले १०८. पण भाषा, कौशल्याचे कोर्स, इतर शाखांचे विषय, इंटर्नशिप हे कुणालाच चुकत नाही आणि त्याचे तीस-पस्तीस क्रेडिट होतात. बेरीज जाते एकशेचाळीसच्या पुढे. हे वरचे वीसेक क्रेडिट कुठे बसवायचे? एक क्रेडिट म्हणजे सत्रात पंधरा तास शिकवणं. सहा सत्रांत वाटलं तर आठवड्याला तीन-साडेतीन तास जास्तीचे. विषय प्रॅक्टिकलचा असेल तर एका क्रेडिटला तीस तास लागतात, म्हणजे तिथे दुप्पट धरा. शिवाय अभ्यास आणि जर्नल. वसईहून किंवा कर्जतहून लोकलनं येणाऱ्या मुलानं हे तास दिवसाच्या कुठल्या कोपऱ्यात घालायचे, हे त्यानंच सांगावं. विद्यापीठागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण ओझं एवढंच असतं.

मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, मात्र २४ क्रेडिट पुरतात आणि ते १२० च्या आतच असतात.

मग डबल मेजर घ्यावंच कुणी? माझं मत सरळ आहे. ज्या दोन विषयांना तिसऱ्या वर्षी एकमेकांची गरज लागते, तेच दोन घ्यावेत. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र बघा. अर्थशास्त्राच्या मुलीसमोर शेवटच्या वर्षाला इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासण्याचा विषय, येतं. तिथे रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडणं, शिकवतात. आकडे घाला, उत्तर काढा, अर्थ लावा. हे गणित कुठल्या गृहीतकांवर उभं आहे आणि ती मोडली की उत्तर कसं फसवतं, हे खोलात कळतं संख्याशास्त्राच्या वर्गात. अशा मुलीचा एका विषयातला तास दुसऱ्यातही कामी येतो. गणित आणि भौतिकशास्त्राचंही तसंच. उलट रसायनशास्त्राला मानसशास्त्र जोडलं, तर दोन्हीकडे प्रॅक्टिकल आणि दोन्हीकडे जर्नल. विषय दोन्ही चांगलेच, पण वेळापत्रकात त्यांची रोज मारामारी.

म्हणून पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बघून भुलू नका. पहिल्या वर्षाला सगळेच विषय गोड लागतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दोन्ही विषयांचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्यातले पाठ वाचा. दुसऱ्या विषयाचे पाठ वाचतानाच कंटाळा आला, तर तो विषय मायनरचा.

"पण सर, पुढे त्या विषयात एम.ए. करायचं असलं तर?" पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा आयोगानं २०२४ मध्ये दिला, त्यात मेजरप्रमाणेच मायनर विषयातूनही पुढे जाण्याची वाट ठेवली आहे. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालात तर तिसऱ्याच विषयाकडेही वळता येतं. ज्या विद्यापीठात जायचं आहे तिथली पात्रता मात्र स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर राहू नका. थोडक्यात, पुढचं दार उघडं राहावं एवढ्याचसाठी डबल मेजरची गरज नाही. नोकरीसाठी म्हणाल, तर दोन विषयांत काठावर पास झालेल्यापेक्षा एका विषयात नीट प्रकल्प केलेल्या मुलाकडे मुलाखतीत बोलायला जास्त असतं.

एक अडचण माहितीपत्रकात छापलेली नसते. विषयांची यादी लांबलचक असते, पण तालुक्याच्या कॉलेजात त्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहे की तासिका तत्त्वावरचा, जो ऑगस्ट उलटला तरी नेमलेला नाही? विभागात जाऊन विचारा. सध्या टी.वाय.ला असलेल्या मुलांना गाठा. दोन्ही विषय घेतलेलं कुणी सापडलं, तर त्याचं वेळापत्रक बघायला मागा आणि ए.टी.के.टी. किती लागल्या तेही विचारा. मुलं खरं सांगतात.

आणि प्रवेशाची सही करण्याआधी ऑफिसात आणखी एक गोष्ट विचारून घ्या. दुसरं मेजर तिसऱ्या सत्रानंतर झेपेनासं झालं, तर मिळवलेले क्रेडिट मायनर म्हणून धरणार का? क्रेडिट बँकेतल्या, म्हणजे मिळवलेले क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतल्या, खात्यावर ते जमा राहतात हे खरं, पण पदवीत ते कशात मोजायचे हे कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. तोंडी 'हो' मिळेल. तुम्ही अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या.

नमस्कार.