खजिन्याची किल्ली

विषय 'अमानुल्ला : उदय आणि अस्त' असा जाहीर झालाय, त्यामुळे दहा वर्षांचा हिशेब मांडणं आलंच. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकाला अफगाणिस्तानच्या या राजावर लेख दिला होता. संपादकांना तो आवडला, फक्त मथळा त्यांनी बदलला : 'हॅटपायी गेलेलं राज्य'. सोबत राणी सुरैयाचा बिनबाह्यांच्या झग्यातला फोटो. तेव्हापासून कुठंही बोलायला उभा राहिलो की प्रश्न येतो, ती हॅटची गोष्ट सांगा ना! हसताय म्हणजे तुमच्याही मनात तेच होतं. सांगतो.

सात महिने युरोप फिरून अमानुल्ला 1928 च्या जुलैमध्ये परतला. पगमान हे काबूलजवळचं थंड हवेचं गाव. तिथं त्यानं लोया जिरगा, म्हणजे टोळ्यांच्या प्रमुखांची मोठी सभा, भरवली. देशभरातून टोळ्यांचे वडीलधारे आले. त्यांना काय सांगितलं? काळा कोट, टाय आणि डोक्यावर हॅट घालून बसा. ज्यांनी जन्मभर पागोट्याखेरीज चारचौघांत पाऊल टाकलं नव्हतं, अशी ही माणसं. पागोटं उतरवायला लावणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पुढं शुक्रवारची सुट्टी गुरुवारी नेली, मुली शिकायला तुर्कस्तानला पाठवल्या. मुली पाठवल्या हे उत्तमच केलं, पण हॅटची सक्ती हा अपमान होता, आणि मला तो राजा कितीही प्रिय असला तरी हे मी झाकणार नाही.

पण अपमानानं माणूस चिडतो. चिडलेल्या माणसाला काबूलच्या वेशीत कोण शिरू देतं? माझा सगळा मुद्दा तिथं आहे.

1919 च्या फेब्रुवारीत जा. अमानुल्लाचे वडील अमीर हबीबुल्ला लघमानला शिकारीच्या मुक्कामात होते, तिथं रात्री तंबूत त्यांचा खून झाला. जलालाबादला काका नसरुल्ला गादीवर बसले, अमानुल्लाच्या थोरल्या भावानंही त्यांना मान्यता दिली. अमानुल्ला तिसरा मुलगा, वय सव्वीस. पण तो काबूलला होता. खजिन्याची किल्ली, शस्त्रागार, शिबंदी, सगळं त्याच्या हातात. त्यानं पहिल्याच झटक्यात शिपायांचा पगार वाढवण्याचं वचन दिलं. काकांचं राज्य आठवडाभरात आटोपलं!

मे महिन्यात त्यानं इंग्रजांशी युद्ध पुकारलं. काबूलवर विमानातून बाँब पडले, तरी ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या तहात परराष्ट्र व्यवहाराचं स्वातंत्र्य मिळालं. त्याच तहात एक गोष्ट गेली. बापाला इंग्रजांकडून वर्षाला अठरा लाख रुपये मिळायचे, ते बंद झाले. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा.

...चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. पुढचं भराभर सांगतो.

गुलामगिरी बंद, मुलींची शाळा, 1923 ची राज्यघटना, दारुलअमानचा महाल आणि तिथं जाणारी छोटी आगगाडी. पैसा कुठून आणायचा? शेतसारा वाढला, टोळीप्रमुखांचे तनखे कापले गेले, आणि काटकसर झाली ती सैन्यात. युद्धमंत्री नादिर खान यांना हे पटेना. 1924 मध्ये ते राजदूत म्हणून पॅरिसला रवाना झाले. त्याच वर्षी खोस्तमध्ये बंड पेटलं. ते विझवायला राजाला दुसऱ्या टोळ्यांची कुमक घ्यावी लागली. इशारा तेव्हाच मिळाला होता.

1928 च्या नोव्हेंबरमध्ये पूर्वेला शिनवारी टोळीचे लोक उठले. उत्तरेकडून आला बच्चा-ए-सक्का, म्हणजे पखालीनं पाणी वाहणाऱ्याचा पोर. एकेकाळी हा अमानुल्लाच्याच फौजेत होता. आता माझा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा ऐका : जानेवारीत राजानं माघार घेतली. हॅट रद्द, मुली परत बोलावल्या, जवळजवळ सगळंच मागं घेतलं. हॅटनं राज्य जात असतं तर तिथं वाचायला हवं होतं. 14 जानेवारी 1929 ला त्यानं गादी सोडली आणि मोटारीनं कंदाहार गाठलं. लढायला शिपाईच उभे राहिले नाहीत.

वसंतात तो गझनीपर्यंत येऊन मागं फिरला, चमनमार्गे हिंदुस्थानात आला. जूनमध्ये आपल्या मुंबईत त्याला मुलगी झाली. तिचं नाव त्यानं 'इंडिया' ठेवलं. तिथून इटलीला गेला, तो जिवंतपणी परतलाच नाही.

ऑक्टोबरमध्ये बच्चा-ए-सक्काकडून काबूल जिंकलं ते नादिर खानांनी, वझिरी टोळ्यांच्या बळावर. खजिना उघडला तर रिकामा. पगार द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी त्या लोकांना शहर लुटू दिलं.