आभाळ भरून आलंय, शूट कॅन्सल करू नका

आभाळ भरून आलं की पहिला मेसेज येतो, फोटोशूट कॅन्सल करायचं का? मी म्हणते नको, थांबा, कारण चेहऱ्यासाठी मला हाच उजेड सगळ्यात जास्त आवडतो. भर उन्हात माणूस डोळे बारीक करतो, नाकाची काळी सावली ओठांवर पडते, कपाळ पांढरंफटक पडतं. ढग आले की सूर्याचा तो एवढासा ठिपका पसरतो, अख्खं आभाळच लाईट होऊन जातं, आणि स्टुडिओत सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यासमोर पांढरं कापड असलेला डबा, लावून आपण जे करतो ते इथं आपोआप मिळतं.

पण आता ढगाळ उजेडात उघड्यावर काढलेली ही फ्रेम नीट बघा. डोळे काळे पडलेत ना? ढगाळ उजेड मऊ असतो, पण येतो वरून, त्यामुळे भुवयांखालच्या खोबणीत अंधार साठतो, डोळ्यांत चमक राहत नाही आणि माणूस आजारी असल्यासारखा दिसायला लागतो. बरेच जण इथंच म्हणतात लाईटच खराब होता. खराब नव्हता हो, फक्त डोक्यावर होता! आता तीच व्यक्ती, तीच लेन्स, फक्त तिला दाराच्या चौकटीत उभं केलंय, दोन पावलं आत आणि तोंड बाहेरच्या बाजूला. वरचा उजेड छपरानं अडवला, समोरचा तेवढा चेहऱ्यावर आला, आणि बघा डोळे कसे जिवंत झाले. छप्पर, पुलाची खालची बाजू, दाट झाड, काहीही चालतं. काहीच नसेल तर हनुवटी जरा वर घ्यायला सांगा, नाहीतर छातीच्या खाली फ्रेमबाहेर पांढरा थर्माकोल धरा, उजेड त्यावरून उलटून डोळ्यांत जातो. आणि मागे पांढरं आभाळ येऊ देऊ नका, नजर चेहरा सोडून तिकडेच जाते.

पाऊस दिसायला हवा असेल तर तो पाठीमागून उजळला पाहिजे आणि त्याच्यामागे काहीतरी गडद पाहिजे, उजळ भिंतीसमोर कितीही कोसळू दे, फोटोत काही दिसत नाही. शटर १/६० सेकंदाच्या आसपास ठेवलं तर धारा लांबट येतात, पण समोरच्याला अगदी स्थिर उभं राहावं लागतं, आणि १/५०० पेक्षा वेगवान केलंत की थेंब सुटे सुटे दिसतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र बंदच ठेवा, लेन्सच्या जवळचे थेंब पेटून सगळीकडे पांढरे डाग येतात.

धुक्यात जवळ जा, तुमच्या आणि चेहऱ्याच्या मध्ये जितकं धुकं जास्त तितका चेहरा फिका. बर्फात कॅमेरा फसतो, एवढा पांढरा रंग बघून फोटो अंधारा करतो, म्हणून एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

एकदा मी एसीच्या खोलीतून कॅमेरा तसाच दमट हवेत नेला, लेन्सवर वाफ धरली, आणि ती जाईपर्यंत समोरची मुलगी भिजत उभी राहिली. कॅमेरा बॅगेतच ठेवून अर्धा तास आधी बाहेर न्यायला हवा होता, पण मला खरं वाईट वाटलं ते तिच्यासाठी, कारण नंतरच्या एकाही फोटोत तिचे खांदे खाली आले नाहीत, कानापर्यंत चढलेलेच. गारठलेला माणूस हसतो, पण ते हसू ओठांपुरतंच असतं, गाल हलत नाहीत.

त्यामुळे आता जागा, फोकस, सेटिंग सगळं मी दुसऱ्या कोणालातरी, नाहीतर छत्रीला उभं करून आधीच ठरवते. मग ज्याचा फोटो काढायचा त्याला बाहेर बोलवायचं, चार-पाच मिनिटं, की परत आत, टॉवेल, गरम काहीतरी प्यायला. आणि कॅमेरा तेव्हाही हातात असू द्या. हा शेवटचा फोटो बघा, पाऊस नाही, पोज नाही, एक मुलगी केस पुसतेय, टॉवेलमधून नुकतं तोंड बाहेर आलंय, दारातला उजेड गालावर. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंतून तिनं घरी लावायला हाच निवडला.